बंदूक सातवी? हे पटलं नाही

व्हिडिओ गेमच्या विचित्र कंट्रोलरांची एक यादी वाचली. तिच्यात १९८९ चा पॉवर ग्लोव्ह हा हातमोजा पहिला आणि निन्टेन्डोची टीव्हीवर नेम धरायची खेळण्यातली बंदूक थेट सातवी? नाही पटलं बुवा. तो हातमोजा दिसायला भारी, पण आधी टीव्हीभोवती सेन्सर लावा, मग हात हवेत धरून दुखवून घ्या. खरी करामत बंदुकीची. बदकं टिपायच्या खेळात चाप ओढला की पडदा क्षणभर काळा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन. नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तरच बदक पडणार. लहानपणी मी आमच्या नकली कन्सोलची बंदूक पिवळ्या बल्बवर रोखायचो, एक बदक पडेल तर शपथ! परवा माळ्यावरून काढली. एलईडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे नेम लागतच नाही. भाचा म्हणाला, "मामा, बिघडलीये ही."