गिरणगाव म्हणजे नुसती चिमणी नव्हे

मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागाची, म्हणजे गिरणगावाची चित्रं काढण्याबद्दलच्या लेखातलं ‘चिमणी आणि गेट रंगवलं की गिरणगाव जपलं’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. चिमण्या काही ठिकाणी आजही आहेत. फिनिक्स गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये एक उभीच आहे. खरी गेली ती साचेखात्यांवरची, म्हणजे कापड विणायचे माग (साचे) चालायचे त्या खात्यांवरची, करवतीच्या दातांसारखी छपरं. त्यांच्या काचा उत्तरेकडे असायच्या, त्यामुळे साच्यांवर थेट ऊन पडत नसे आणि दिवसभर एकसारखा उजेड मिळायचा. चित्रकाराला याहून चांगला विषय कुठला मिळणार?

माझे वडील साचेखात्यात होते. पाळी सुटून घरी यायचे तेव्हा भुवयांत आणि कानांवरच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. जुन्या फोटोंवर विसंबून हे कसं कळणार? ते फोटो बहुतेक रस्त्यावरून काढलेले. १९८२च्या गिरणी संपाआधी आत राबलेली माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. लालबाग-परळच्या चाळींत, नाहीतर कोकणात गावी ती भेटतील. कच्चं रेखाटन त्यांच्यापुढे ठेवा. साचे कसे मांडलेले होते, भिंतींना रंग कुठला होता, उजेड कुठून यायचा, हे त्यांनाच विचारा. आणि हे काम आत्ताच करा.