दार हळू लावा, घर हलतंय

नाशकात नाटक बसवायचं म्हटलं की संहिता मिळते, दिग्दर्शक न शोधता मिळतो आणि नायकाच्या भूमिकेला तिघं जण तयार असतात. त्यातले दोघं पन्नाशीपुढचे. मिळत नाही ते दार. रंगमंचावरचं, उघडणारं-मिटणारं आणि लावल्यावर सगळं घर न हलवणारं दार.

कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर या दोघांनीही या गावात राहून नाटकं लिहिली, त्याचे परिणाम आम्ही बॅकस्टेजवाले भोगतो. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं. तेव्हापासून या शहरातल्या दर तिसऱ्या निवृत्त माणसाच्या पोटात एक अप्पासाहेब बेलवलकर दडून बसलाय. चहाचा कप हातात दिला तरी तो स्वगताच्या पट्टीत ‘साखर कमी आहे’ म्हणतो. एवढ्या अप्पासाहेबांमध्ये एकाला तरी करवत धरता यावी, ही माझी माफक अपेक्षा. श्रेयनामावलीत ‘रंगमंच साहाय्य’ या ओळीत जी नावं येतात, त्या जमातीतला मी. ती ओळ वाचली जाते तेव्हा प्रेक्षक चपला शोधत असतात.

हंगाम तसा पावसाळ्यातच सुरू होतो. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीनंतर येते. तिच्यासाठी लेखकाचं अनुमतीपत्र लागतं आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत सेन्सॉर. नाटक जुनं असेल तर प्रमाणपत्र आधीच निघालेलं असतं, त्याची प्रत मिळवली की झालं. संहिता नवी असेल तर ती आधी पूर्ण लिहून व्हावी लागते. बरीच नवी नाटकं इथेच मागे पडतात, कारण लेखकाला शेवट ‘तालमीत सापडणार’ असतो.

मग तालमी. दोन अंकी नाटकाला दीड महिना, रोज अडीच तास, हा हिशेब कागदावर सुरेख दिसतो. पण आमचे नट सातपूर-अंबडच्या कंपन्यांत असतात आणि शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्टवाला संध्याकाळी मोकळा. नाइटवाला नऊ-साडेनऊपर्यंत थांबतो, घड्याळाकडे बघत. सेकंडवाला येऊच शकत नाही. आता तीन प्रमुख पात्रं तीन वेगवेगळ्या शिफ्टला असतील तर तिन्ही आठवडे कोणीतरी एक गायब, आणि दर आठवड्याला वेगळा. तिघं एकत्र असलेला प्रवेश रविवार सोडून होऊच शकत नाही. रविवारी साखरपुडा असतो. कोणाचा ना कोणाचा असतोच. तुळशीचं लग्न लागलं की पुढे माणसांची लागतात, आणि आमच्या नायिकेला मावशा सात.

याला उपाय एकच. वाचन संपताच प्रवेशवार तक्ता करायचा: आडव्या ओळीत प्रवेश, उभ्या रकान्यात नट आणि त्यांच्या शिफ्ट. ज्या आठवड्यात जो नाही, त्याचे प्रवेश तेव्हा घ्यायचेच नाहीत. दिग्दर्शकांना हे पटत नाही; त्यांना पहिल्या प्रवेशापासून ओळीने जायचं असतं. त्यामुळे पहिला प्रवेश चाळीस वेळा होतो आणि शेवटचा प्रयोगाच्या आदल्या रात्री, उभ्याउभ्या, पोहे खाताना. गैरहजर माणसाच्या जागी प्रॉक्सी उभा राहतो. दीड महिन्यानंतर त्याला ती भूमिका मूळ नटापेक्षा चोख पाठ असते. ही गोष्ट मूळ नटासमोर बोलायची नसते.

तालमीची जागा हे दुसरं दुखणं. शाळेचा वर्ग मिळाला तर बाकं सरकवून बारा फूट मोकळे होतात. रंगमंच तीस फुटांचा. वर्गात नट चार पावलांत खिडकीपाशी पोहोचतो आणि वाक्य तिथेच संपतं. प्रयोगात त्याच खिडकीपर्यंत दहा पावलं. चौथ्या पावलावर वाक्य संपतं आणि उरलेली सहा तो वीज बिल भरायला निघाल्यासारखा चालतो. म्हणून नाट्यगृहाची मापं आधी घ्यावीत आणि निदान शेवटचे आठ दिवस एखाद्या गच्चीवर खडूने पूर्ण मापाचं घर आखून तालीम करावी. गच्चीवर डिसेंबरात थंडी असते. निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी आली की इकडे आमच्या खलनायकाचा आवाज जातो. ज्येष्ठमध आणि गरम पाणी, बाकी काही नाही. प्रयोगाच्या दिवशी दुपारी मिसळ खाऊ नका असं सांगितलं जातं, आणि ती खाल्ली जाते. दुसऱ्या अंकातल्या गंभीर शांततेत मग तर्री बोलते.

आता दार.

आमचं नाटक नव्वद टक्के वेळा दिवाणखान्यात घडतं. दिवाणखाना म्हणजे आठ बाय चार फुटांचे दहा फ्लॅट, म्हणजे भिंतीचे सुटे तुकडे: मागच्या भिंतीला सहा, दोन्ही बाजूंना दोन-दोन. दोन बाय एक इंची पट्ट्यांची चौकट, वर कापड किंवा चार मिलिमीटरचा प्लाय. दाराची चौकट याच भिंतीत ठोकली की घात झाला. मुलगा रागावून ‘मी हे घर सोडून चाललो’ म्हणतो, दार लावतो आणि घरही त्याच्याबरोबर निघतं. भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीला झोका मिळतो. प्रेक्षक हसतात. लेखकाने तिथे रडायला सांगितलेलं असतं.

चौकट भिंतीपासून सुटी, स्वतःच्या पायावर उभी हवी. दोन्ही पाय तळाशी लोखंडी पट्टीने जोडायचे. पट्टी नसेल तर पाय फाकतात आणि दार घासतं. मागून दोन तिरके टेकू, साडेपाच फुटांच्या उंचीवर, प्रत्येकाच्या पायाशी वीस किलो वजन. बऱ्याच नाट्यगृहांत जमिनीत खिळा ठोकायला मनाई असते, म्हणून वजन. वाळूची पोती घ्यावीत आणि पाऊणच भरावीत. गच्च भरलेलं पोतं जमिनीवर बसत नाही, लोळतं. विटा घेऊ नयेत, अंधारात नटाचा अंगठा हमखास तीच वीट शोधतो. चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवून ती पुढून कापडी पट्टीने झाकावी. दार विंगेकडे, म्हणजे रंगमंचाच्या झाकलेल्या बाजूकडे उघडावं; बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला, म्हणजे आत येणारा पहिल्या पावलापासून दिसतो. खरी कडी लावू नये. ऐन वेळी अडकते आणि डॉक्टरांना खिडकीतून यावं लागतं. साधा मॅग्नेट पुरतो.

एवढं करूनही रागाचं दार हळूच लावायचं असतं. ‘धाड’ हा आवाज विंगेतल्या माणसाने दोन फळ्या एकमेकींवर आपटून काढायचा. फळीवाल्याला नट दिसला पाहिजे, नाहीतर आवाज आधी आणि दार मागून. तरीही खबरदारी म्हणून भिंतीमागे एक जण दोन्ही हातांनी फ्लॅट धरून उभा असतो. त्याला खोकला नसावा. या कामाला माणूस निवडताना आम्ही तेवढीच अट घालतो.

लाइटवाल्यांचं गणित सोपं आहे, फक्त ते कोणी करत नाही. हजार वॉटचा दिवा साडेचार अँपिअरच्या आसपास खेचतो. पंधरा अँपिअरच्या प्लगवर तीन दिवे. चौथा लावला की पहिला अंक संपतो, लेखकाने तो तिथे संपवला नसला तरी. रात्रीच्या प्रवेशाला दिव्यापुढे गडद निळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावतात. ते बहुतेक प्रकाश स्वतःच गिळतं, त्यामुळे तापतं आणि मधोमध विरतं. दुसऱ्या अंकापर्यंत चांदण्याला भोक. जास्तीचा तुकडा कापून खिशात ठेवावा. हल्ली एलईडी आले, तापण्याचा त्रास गेला, पण स्वस्तातला एलईडी गुळगुळीत मंद होत नाही. सूर्य टप्प्याटप्प्याने मावळतो.

सामानाबद्दल थोडक्यात. चहा अर्धा कप आणि कोमट. मद्य म्हणजे कोरा चहा, पाणी घालून. पत्र वाचायचा प्रवेश असेल तर मजकूर खरोखर त्या कागदावर लिहावा, कारण नटाने तो पाठ केलेला नसतो. प्रयोगाआधी कोणी नीटनेटका कोरा कागद ठेवला तर मृत्युपत्रात काय होतं ते कोणालाच कळत नाही. टेलिफोनची घंटा वाजवणाऱ्याने संहितेकडे नाही, नटाच्या हाताकडे बघावं. रिसीव्हर उचलल्यावरही घंटा वाजत राहिली तर नटासमोर दोनच पर्याय उरतात आणि दोन्ही वाईट.

प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य विंगेतून पुरवणारा, हा खरा मानसशास्त्रज्ञ. नट थांबला की तो अभिनयासाठी थांबलाय की विसरलाय, हे दोन सेकंदांत ठरवायचं. पॉझ असताना वाक्य दिलं तर नट मध्यंतरात भांडतो. विसरलेला असताना दिलं नाही तर नट सरळ तिसऱ्या प्रवेशात उडी मारतो, आणि अजून न मेलेल्या काकांचा तेरावा सुरू होतो. तालमीतच ठरलेल्या पॉझवर संहितेत लाल पेनाने गोल करून ठेवणं, एवढाच इलाज.

प्रयोगाचा दिवस. दहा फ्लॅट, सोफा, पोती आणि चौकट ‘छोटा हत्ती’ टेम्पोत जातात. हौद सात फुटांचा, फ्लॅट आठचे, म्हणून मागे फूटभर बाहेर; लाल फडकं बांधायचं. फ्लॅट आडवे, चार फुटांच्या उंचीने उभे लावले तर सगळे मिळून सव्वा फूट जागा खातात आणि सोफा शेजारी बसतो. एकावर एक निजवले तर सोफा वर चढतो आणि द्वारका चौकाच्या वळणावर सगळे मागे वळून बघतात. नाट्यगृह कालिदास असो की परशुराम साईखेडकर, स्पर्धेत रंगमंच हाताशी येतो तो त्याच दिवसापुरता. सेट उभा करायला तीन तास, लाइट लावायला दोन, आणि रंगीत तालमीला जे उरेल ते. काही उरत नाही. नटराजाची पूजा, नारळ, तिसरी घंटा.

प्रेक्षकांत निम्मे दुसऱ्या संघांचे, मागच्या रांगांत हाताची घडी घालून. प्रयोगानंतर ते आत येऊन भेटतात. ‘प्रयत्न चांगला होता’ म्हणजे वाईट झालं. ‘नेपथ्य छान’ म्हणजे अभिनय बुडाला. ‘बोलू निवांत’ म्हणजे आपण पहिले येणार नाही, याची त्यांना खात्री पटली. ‘दार मस्त होतं’ असं कोणी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही. रौप्यपदक अभिनयाला मिळतं, भिंत धरण्याला नाही.

सेट उतरवायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात नट मेकअप उतरवत असतात आणि नेहमीपेक्षा फार सावकाश उतरवतात. मग खरा प्रश्न: दहा फ्लॅट ठेवायचे कुठे? गच्चीवर ठेवले तर अवकाळीत प्लाय फुगतो. जिन्याखाली आठ फूट मावत नाहीत. राहतं पार्किंग, आणि पार्किंग म्हटलं की सोसायटीचे चेअरमन. त्यांना पुढच्या नाटकात एक छोटी भूमिका द्यावी, वकील किंवा पोस्टमन. वाक्यं दोनच द्यावीत. तिसरं ते पाठ करत नाहीत.