रंगीत चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही

‘रंगीत काचेचा चष्मा लावा, मूल घडाघडा वाचू लागेल’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. तसं होत नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला शिकताना येणारी अडचण, चष्म्याने जात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र सांगितलंय, की याला पुरावा नाही. (नंबर असेल तर चष्मा लावाच, तो विषय वेगळा.) अडचण बहुधा डोळ्यांत नसते, आवाज आणि अक्षराची सांगड घालण्यात असते. ‘दिवा’ घ्या. वेलांटी लिहिताना ‘द’च्या आधी, ऐकताना नंतर! म्हणून आधी टाळ्या वाजवत शब्द तोडायचा, ‘दि-वा’, मग आवाज काढत वाळूत बोटाने गिरवायचं. रोज थोडं, तेच ते. कंटाळवाणं आहे खरं. शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (शिकण्यातली अडचण, डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे. चष्म्याचे पैसे वाचवा आणि शाळेकडे सवलती मागा.