अर्धविरामाने पुसणारा माणूस

परवा नानाकाकांनी चिवड्याची बशी थेट माझ्या कीबोर्डवर टेकवली. क्षणात मेनू, ब्रश, लेयर, रंगचक्र सगळं गायब. पडद्यावर उरलं फक्त दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईचं तोंड.

"फॉरमॅट मारावं लागेल," काकांनी चिवडा चावत निदान केलं.

बशीची कड टॅबला लागली होती, एवढंच. मी चित्रं काढतो त्या क्रिता नावाच्या प्रोग्राममध्ये टॅब म्हणजे फक्त कॅनव्हास दाखवा. पुन्हा दाबलं की संसार परत. पण काका निवृत्त ड्राफ्ट्समन. एकदा दिलेलं निदान ते मागे घेत नाहीत.

मुळात मी डावखुरा. पेन डाव्या हातात, म्हणजे कीबोर्ड उजव्या हाताला. आणि सारखी लागणारी बटणं, खोडायचं ई आणि चूक मागे घ्यायचं कंट्रोल-झेड, बसवलीत नेमकी डाव्या टोकाला. दर दोन फटकाऱ्यांनी उजवा हात कीबोर्ड ओलांडून तिकडे जायचा. शेवटी सेटिंग्जमधल्या 'कॉन्फिगर क्रिता'त शिरून कीबोर्ड शॉर्टकट्स उघडले, ई-चं काम अर्धविरामाला दिलं आणि झेडचं त्याच्या शेजारच्या बटणाला. एकच बटण दोन कामांना देऊन वर आलेल्या इशाऱ्याकडे काणाडोळा केला, तर दोन्ही कामं अडतात. भाऊबंदकीतली जमीन जशी, कसता कुणालाच येत नाही.

"खोडरबर कुठाय?" काका.

"वेगळं नाही. आहे तोच ब्रश पुसायला लागतो. अर्धविराम दाबायचा."

"अर्धविरामाने पुसतोस?"

"हो."

"आणि पूर्णविरामाने?"

"तो मोकळा ठेवलाय."

"नशीब." मग थोडं थांबून, "अरे, पण ब्रशच पुसतो, तर तू रंगवतोयस की पुसतोयस हे तुला कळतं कसं?"

कळत नाही. हेच तर दुखणं आहे! पुसायचं बटण चालू राहतं, आपण पाच मिनिटं तन्मयतेने साडीचे काठ रंगवतो आणि तिथे भोक पडलेलं असतं. पण हे काकांना कोण सांगणार?

पॅनेलांची मांडणी 'वर्कस्पेस' म्हणून नाव देऊन जपता येते. त्यात शॉर्टकट मात्र येत नाहीत, त्यांची स्कीम वेगळी जपावी लागते. नवा लॅपटॉप घेतला की नेमकी तीच न्यायची राहते आणि बोटं आठवडाभर अर्धविराम बडवत बसतात. डावखुऱ्यांना कात्री मिळत नाही, शाळेत हाताच्या बाकावर जागा मिळत नाही. म्हटलं, निदान इथे तरी सगळं आपल्या हातचं असेल. तर तेही स्वतःच्या खर्चाने, रात्री दोनला, आणि अंकवाल्यांचं 'फक्त जरा निळं करा' डोक्यावर असताना.

रागाच्या भरात मी शॉर्टकट्समधून टॅबचं काम काढून तो रकाना रिकामा केला. तेवढ्यात काकांचं बोट एमवर पडलं आणि बाई उलटी झाली, आरशातल्यासारखी. चित्र बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं.

"आम्ही ट्रेसिंग उलटं धरून बघायचो," काका पुढे वाकले. "डावा कान वर गेलाय बघ."

"काका, तुम्ही चिवडा खा."

ते गेल्यावर पुन्हा एम दाबला. कान खरंच वर होता. झुमक्यासकट.