शिशात शिसं नाही

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरात जागा असतो तो फक्त कूलर. बाकी सगळे आडवे. अशा वेळी आमची आठवीत जाणारी कन्या उशाशी येऊन उभी राहिली. "बाबा, झोपून काय राहिले? प्रकल्प करायचाय ना!" घरातल्या वस्तू तपासून धातू आणि अधातू असे दोन रकाने भरायचे. मी कॉमर्सवाला, पण म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

पहिली कसोटी नादमयता. चमच्यानं ठोकायचं, वाजलं तर धातू. तांब्याचा गुंड वाजला, कढई वाजली, पाठोपाठ आतून आई वाजली, "काऊन ठोकून राहिला रे भर दुपारी?" पितळी डबाही छान वाजला, पण ते मूलद्रव्यच नाही, तांबं आणि जस्त यांचं संमिश्र. वहीत तिसरा रकाना आला.

मग चकाकी. चकाकतो तो धातू, असं मी ठणकावून सांगितलं. तर पुस्तकात आयोडीन चकाकतं आणि हिराही, आणि दोघंही अधातू. "आपल्या घरी हिरा नाही," हे बायकोनं डोळे मिटूनच स्पष्ट केलं.

वीज वाहून नेतो तो धातू, हे तरी पक्कं असेल? दोन सेल, टॉर्चचा बल्ब, वायर. मधे पेन्सिलीचं शिसं धरलं आणि बल्ब मिणमिणला. मी विजयी मुद्रेनं "शिसं, धातू" लिहायला सांगितलं. कन्या म्हणाली, "बाबा, शिशात शिसं नसतं. ग्राफाइट असते. कार्बन. अधातू." म्हणजे चाळीस वर्षं मी हिऱ्याच्या सख्ख्या भावाला शिसं म्हणत होतो.

धातू स्थायू असतात, इथेही पारा आडवा आला. आणि गॅलियम म्हणे २९.८ अंशांना वितळतो. आमच्याकडे तो मेपर्यंत कशाला थांबतो, फेब्रुवारीतल्या दुपारीच वाहून गेला असता.

राहिली वर्धनीयता. ठोकलं की धातूचा पत्रा होतो. तयार पत्रा समोरच होता, कूलरची टाकी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकलं. खरंच हलकेच. मूठ आत गेली. बोअरच्या पाण्यानं जस्ताचा मुलामा कधीच खाल्ला होता, आतल्या लोखंडाचा नुसता पापड उरला होता. पाणी गादीकडे निघालं, घर जागं झालं. मी भोकावर तळहात दाबून बसलो. कन्येनं खाली पडलेला तांबडा पापुद्रा उचलून निरखला.

"बाबा, गंज धातू की अधातू?"

"संयुग आहे बेटा. आधी एमसील आण."