उष्टं अर्धा लिटर

बाड ड्युर्कहाइमला आम्ही बायकोच्या गुडघ्यांसाठी गेलो होतो, असं मी चारचौघांत सांगतो. जर्मनीत गावाच्या नावाआधी ‘बाड’ असलं की तिथे स्नानाचं, औषधी पाण्याचं काहीतरी असणार, हे मानहाइमच्या भाच्याने तिला सांगितलं होतं. गावाला चहूबाजूंनी द्राक्षमळे आहेत, हे मात्र फक्त मला.

सकाळ गुडघ्यांची. बागेत तीनशे मीटरहून लांब लाकडी सांगाडा, त्यात काटेरी फांद्या ठासलेल्या आणि वरून झिरपणारं खारं पाणी. वाऱ्याने ते आटून दाट व्हायचं, मग त्याचं मीठ करायचे. आता लोक नुसती खारी हवा खायला येतात. दहा मिनिटांत ओठ खारट झाले. “अलिबागला भेळ तरी मिळाली असती,” बायको म्हणाली.

दुपारी अवाढव्य पिंप पाहिलं. १९३४ सालचं, १७ लाख लिटर मावतील एवढं. मी भक्तिभावाने आत शिरलो, तर आत हॉटेल! वाईन त्यात कधी भरलीच नाही म्हणे. पिंपात बसून बटाटे खाल्ले.

खरी कसोटी संध्याकाळी. सप्टेंबरातली वुर्स्टमार्क्टची जत्रा. नाव सॉसेजच्या बाजाराचं, पूर वाईनचा. अरुंद बाकांवर खांद्याला खांदा लावून बसायचं. भाच्याने शोर्ले मागवलं, म्हणजे वाईन आणि सोडा. इकडे सोडा शास्त्रापुरता. ग्लास अर्ध्या लिटरचा, अंगभर गोल खळगे. सॉसेजने तेलकट झालेल्या हातातून सटकू नये म्हणून. मी म्हटलं, वा, काय विचारी लोक!

तेवढ्यात शेजारच्या अनोळखी आजोबांनी त्यांच्या ग्लासातला घोट घेऊन तो माझ्यापुढे धरला. “मामा, प्या. इथे ग्लास फिरवतात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं,” भाचा कुजबुजला.

उष्टं! पंगतीत शेजाऱ्याचा हात आपल्या ताटाला लागला तर आमच्या आजीने ताट बदललं असतं. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “वरून प्या की.”

तांब्याने वरून पिणं वेगळं आणि रुंद तोंडाचा ग्लास वेगळा. निम्मं शोर्ले घशात, निम्मं शर्टात. बाकावर टाळ्या पडल्या. आजोबांनी ग्लास पुन्हा भरून आणला, मान मागे टाकली आणि चष्म्यासकट स्वतःला अभिषेक करून घेतला. मग त्यांच्या शेजारच्या आजींनी हात पुढे केला. त्यांचा मात्र थेंब सांडला नाही.