‘वेळ आणि पैसे दोन्ही वाया’ या रिव्ह्यूला देवबागहून उत्तर

नमस्कार दादा,

मालवणजवळच्या देवबागमधल्या आमच्या होमस्टेबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. आधी माफी मागते. मागच्या खोलीत दोन्ही सकाळी गरम पाणी नीट आलं नाही, आणि पहिल्या रात्री ताटं वाढायला साडेनऊ वाजले, मुलांना ताटकळावं लागलं. घर भरलेलं होतं हे खरं, पण त्याचा त्रास तुम्हाला व्हायला नको होता. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की मालकिणीने सकाळची बोट मुद्दाम चुकवली, त्सुनामी आयलंड दाखवलंच नाही आणि दुपारी खाडीची दुसरी सहल गळ्यात मारून पूर्ण पैसे घेतले. हे वाचून फार लागलं. जेवण आवडलं नाही म्हणा, खोली लहान म्हणा, ऐकून घेईन. फसवलं म्हणता तेव्हा गप्प बसता येत नाही. तुमच्यामागून येणारे लोकही हे वाचणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात, म्हणून त्याला ते नाव. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथे वाळू उघडी पडते, कडेला पाणी घोट्याएवढं असतं, पोरं मनसोक्त खेळतात. पाणी चढायला लागलं की तीच वाळू खाली जाते आणि खाडीच्या ओढीत उभं राहणंसुद्धा कठीण होतं. तो दिवसभर आपली वाट बघत थांबत नाही. तिथे कधी जायचं हे मी ठरवत नाही, बोट चालवणारे आमचे भावोजीही ठरवत नाहीत.

आमच्याकडे भरतीचा हिशोब तिथीवर करतात. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. तुम्ही होतात तेव्हा दत्तजयंती होऊन तीन दिवस झाले होते, म्हणजे वद्य तृतीया. तीनचा पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठ-सव्वाआठला सुकती. त्यानंतरची सुकती रात्री साडेआठला, आणि काळोखात आम्ही पर्यटकांना घेऊन बोट काढत नाही. त्यातून पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचं पाणी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी हळू चढतं, थोडा उशीर खपून जातो. उधाणाचं पाणी जोरात चढतं. त्या दिवशी दुसरी वेळ नव्हतीच.

म्हणून आदल्या संध्याकाळी मी तुम्हाला मेसेज केला होता: सकाळी ७ ला जेटीवर, ८.१५ ची सुकती आहे, उशीर झाला तर बेट मिळणार नाही. तो तुम्ही वाचलात, कारण खाली अंगठा दाखवून उत्तर दिलंत. सातला निघायचं, संगमावरून निवतीच्या बाजूला डॉल्फिन बघायचे, सव्वाआठला वाळूवर उतरायचं, तासभर मुलांना खेळू द्यायचं, दहाच्या आत नाश्त्याला घरी. सगळं असं ठरलेलं होतं.

सकाळी सव्वासहाला मी चहा घेऊन दार वाजवलं. पावणेसातला पुन्हा वाजवलं. आतून "दहा मिनिटं" असं उत्तर आलं. त्यानंतर माझी हिंमत झाली नाही. पाहुणा सुट्टीवर आलेला असतो, त्याच्या झोपेवर किती वेळा जायचं? रात्री दीडपर्यंत ओसरीवर स्पीकर चालू होता आणि शेजारच्या काकांनी दोनदा येऊन विनंती केली, हे मला इथे लिहायचं नव्हतं. पण तुम्ही "सातची वेळ देऊन अकराला बोट काढली" असं लिहिल्यावर ते लिहिणं भाग आहे. तुम्ही जेटीवर आलात तेव्हा दहा वाजून गेले होते.

तुमच्या आई मात्र साडेसहालाच तयार होत्या. मोठ्या मुलाला घेऊन त्या समोरच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मासळीचं मोठं जाळं, बघायला गेल्या. मी मुद्दाम पाठवलं, म्हटलं बोट सुटेपर्यंत पोरगा नुसता बसून राहायला नको. त्याने इतरांबरोबर दोर धरून ओढला. ओढणाऱ्याला वाटा द्यायची पद्धत आहे, म्हणून त्यालाही ओंजळभर पेडवे, म्हणजे छोटे मासे, मिळाले. ते टोपीत घालून, टोपीतून पाणी गळत असताना तो धावत माझ्या चुलीपाशी आला आणि "काकू, हे मी पकडले" म्हणाला. मी ते लगेच साफ करून, तिरफळ-मीठ लावून तव्यावर टाकले. त्याचं वेगळं बिल लावलं नाही आणि लावणारही नव्हते. एवढ्यासाठीच हे सांगते की "सकाळ पूर्ण वाया गेली" हे निदान त्या मुलाच्या बाबतीत तरी खरं नाही.

भावोजी सातपासून जेटीवर बोट घेऊन उभे होते. साडेसातला एक सहाजणांचं कुटुंब बोट आहे का विचारत आलं. नाताळच्या आठवड्यात रिकामी बोट दिसली की लोक जास्त पैसे द्यायला तयार असतात. भावोजींनी त्यांना दुसऱ्या बोटीकडे पाठवलं, कारण तुमचं बुकिंग होतं. दुपारी दुसरी सहल विकायची म्हणून आम्ही सकाळची चुकवली, असं तुम्ही म्हणता. दादा, हातात आलेलं गिऱ्हाईक सोडून कोणी असा धंदा करतं का?

तुम्ही आल्यावर ते म्हणाले, "पाणी चढता हा, आता थंय उतरूक मिळाचा नाय." तुम्हाला वाटलं ते टाळतायत, कारण इतर बोटी तिकडे जाताना दिसत होत्या. जात होत्या, मी नाही म्हणत नाही. त्यांत मोठी माणसं होती आणि त्यांचा निर्णय त्यांचा. तुमच्याबरोबर साडेतीन वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या आई होत्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोन माणसं गेली. त्या संध्याकाळी इथे कोणाच्या घरात चूल नीट पेटली नव्हती. तेव्हापासून भावोजी लहान मूल बोटीत असलं की दहा वेळा विचार करतात. लाइफ जॅकेट असलं तरी करतात. या एका बाबतीत मी त्यांना बोलणार नाही, कमी स्टार मिळाले तरी चालेल.

डॉल्फिनचंही तेच. सकाळी समुद्र शांत असतो, पाठ वर आली की लांबून दिसते. अकरानंतर पश्चिमेचा वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात, मग डॉल्फिन असले तरी नजरेला पडत नाहीत. तुम्ही लिहिलंय की इथे डॉल्फिन नाहीतच. ते त्याच सकाळी आठच्या सुमाराला संगमाबाहेर होते, शेजारच्या बोटीतल्या लोकांनी व्हिडिओ दाखवला.

आता पैशांचं. चार माणसांचे ठरलेले ३,६०० होते, धाकटीचे घेणार नव्हतोच. बेट झालं नाही म्हणून ८०० कमी करून २,८०० घेतले. कच्च्या पावतीवर मीच तसं लिहून दिलंय, तुमच्याकडे असेल. "पूर्ण पैसे घेतले" हे तेवढं तरी दुरुस्त करावं, ही विनंती. आणि खाडीची सहल गळ्यात मारली नाही. भरतीच्या पाण्यातच बोट कांदळवनात आत जाऊ शकते, सुकतीला चिखलात टेकते. म्हणजे त्या दुपारी जे चांगलं बघता येण्यासारखं होतं तेच दाखवलं. वहिनींनी खंड्याचा आणि ब्राह्मणी घारीचा किती वेळ व्हिडिओ घेतला. रिव्ह्यूला तुम्ही जे फोटो जोडलेत त्यातला सगळ्यात सुंदर फोटो त्याच सहलीतला आहे.

सुरमई थाळी महाग वाटली, त्याबद्दल एवढंच सांगते की मासळी आम्ही मालवण बंदरावरच्या लिलावात घेतो. नाताळात सुरमईला कोल्हापूर-गोव्याचे व्यापारीही बोली लावतात, आणि तो भाव मेनूकार्डाला ऐकत नाही. त्या दिवशीचा भाव मी वाढण्याआधी सांगितला होता आणि बांगड्याची थाळी सुचवलीही होती.

सिंधुदुर्ग किल्ला राहिला याचं मला खरंच वाईट वाटलं. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचं बांधकाम सुरू केलं, तो किल्ला मुलांना दाखवायलाच हवा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. ते पाणी चाखल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तिथे शिवराजेश्वराचं मंदिरही आहे. पण होडीवाले वर तासभरच देतात आणि सुट्टीत रांग मोठी असते, म्हणून सकाळी आठला निघा असं मी सांगत होते. शेवटच्या दिवशी तुम्ही अकराला निघालात.

हे सगळं इतकं का लिहितेय, तर २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा सरकारी आदेशाने बंद असतात. उरलेल्या महिन्यांतही खरी कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याचीच. बाकी दिवस समोर समुद्र आणि रिकाम्या खोल्या. खोल्या बांधायला सोसायटीचं कर्ज काढलंय आणि त्याचा हप्ता पावसाळ्यातही थांबत नाही. तुमचा रिव्ह्यू आल्यावर एका कुटुंबाने त्याचाच स्क्रीनशॉट पाठवून बुकिंग रद्द केलं. तुम्हाला दोष देत नाही, लोक वाचूनच ठरवणार. पण मग जे वाचतात ते खरं असावं, एवढी अपेक्षा आहे.

गरम पाण्याचं काम मेस्त्रीला सांगितलंय. जेवणाच्या वेळेचंही बघतोय, गर्दीत मदतीला अजून एक बाई ठेवायचा विचार आहे. भरती-सुकतीची वेळ आता मेसेजशिवाय ओसरीवर फळ्यावरही लिहीत जाऊ.

पुन्हा यायचं ठरलं तर तारीख पक्की करण्याआधी मला विचारा. पंचमीला सुकती साडेनऊ-दहाच्या सुमाराला असते, म्हणजे आठला आरामात निघता येतं, डॉल्फिनही मिळतात आणि वाळूवर भरपूर वेळ मिळतो. बेटाची ती फेरी तुमच्या कुटुंबाला आमच्याकडून, तिचे पैसे घेणार नाही. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना कोकमं हवी होती ती त्या घाईत राहून गेली. पत्ता कळवलात तर कुरिअरने पाठवते.